एका आकड्यावर टांगायची प्रवासी मच्छरदाणी: वापरानंतरचे मत

मलेरियाग्रस्त उष्ण प्रदेशात खिडक्यांना जाळ्या नसलेल्या खोल्यांत झोपावे लागणार, हे गृहीत धरून मी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक औषध लावलेली, एका माणसापुरती घुमटाकार मच्छरदाणी घेतली. तिची घडी लहान होते आणि टांगायला छताला एकच आकडा पुरतो, हा तिचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तिची अडचणही तिथेच आहे.

एकाच टोकातून उतरणारी जाळी उशाशी आणि पायथ्याशी फार खाली येते. उंच माणसाने पाय ताणले की अंगठे जाळीला टेकतात आणि डासाला तेवढे पुरते, कारण टेकलेल्या कातडीत तो बाहेर बसूनच सोंड खुपसतो. औषधाचे मोल इथे कळते: जाळीवर बसलेला डास बहुधा चावण्याआधीच उडून जातो किंवा मरतो. मात्र अनेक भागांतले डास आता पर्मेथ्रिनच्या गटातील औषधांना दाद देईनासे झाले आहेत, आणि त्यावर उपाय म्हणून पिपेरोनिल ब्युटॉक्साइड हे औषधाचा जोर वाढवणारे रसायन मिसळलेल्या जाळ्याही निघाल्या आहेत. ही त्यांतली नव्हे.

जाळीची वीण उत्तम आहे. चौरस इंचाला 156 भोके हे प्रचलित प्रमाण तिने पाळले आहे. त्यामुळे आत वारा थोडा कमी लागतो, पण त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती घेराबद्दल. जाड गादी असेल तर खाली खोचायला जेमतेम चार बोटे कापड उरते आणि कूस बदलताच ते सुटून येते. अंधार पडण्यापूर्वीच जाळी सोडून, तीन बाजू घट्ट खोचून, आत शिरल्यावर चौथी बाजू खोचण्याची शिस्त पाळली तरच तिचा भरवसा धरता येतो. शिवाय ती किती धुण्यांपर्यंत प्रभावी राहील, हे पत्रकात कुठेच नाही. औषध दीर्घकाळ टिकणाऱ्या जाळ्यांकडून निदान 20 धुण्यांची अपेक्षा असते. धुतल्यावर ती सावलीत वाळवावी आणि ते पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, कारण पर्मेथ्रिन माशांना घातक असते.

पिशवीवर ‘मलेरियापासून संपूर्ण संरक्षण’ असे छापले आहे आणि हा दावा मला सर्वांत खटकला. अ‍ॅनोफिलिसची मादी, म्हणजे मलेरिया पसरवणारा डास, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावते, आणि त्यातला बराच वेळ प्रवासी अंगणात किंवा जेवणाच्या टेबलाशी असतो. तेव्हा कामी येतात ते पूर्ण बाह्यांचे कपडे आणि 20 ते 50 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन असलेले डास पळवणारे मलम. प्रतिबंधक गोळ्यांनाही ही जाळी पर्याय नाही. कोणती गोळी घ्यायची हे प्रदेश आणि प्रकृती पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर आणखी 7 दिवस, तर डॉक्सिसायक्लिन 4 आठवडे चालू ठेवावी लागते. एवढे सगळे करूनही नंतरच्या काही महिन्यांत ताप आला, तर प्रवासाचा उल्लेख करून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

सडपातळ आणि बेताच्या उंचीच्या एकट्या प्रवाशाने ही मच्छरदाणी घ्यायला हरकत नाही. इतरांनी थोडे जास्त ओझे पत्करून चार कोपऱ्यांना बांधायची, औषध लावलेली चौकोनी मच्छरदाणी घ्यावी आणि बरोबर दोरीचे एक बंडल ठेवावे.