कॅलिफोर्नियाची वाइन दुसऱ्या राज्यांत पाठवायची असेल, तर १७/२० परवाना घ्यावा की ०२?

स्वतःची वायनरी न बांधता कॅलिफोर्नियात आपल्या नावाची वाइन काढू पाहणाऱ्यासमोर परवान्याच्या मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली कस्टम क्रशची. तीत द्राक्षे आपण आणतो, यजमान वायनरी तिच्या परवान्यावर वाइन करून देते आणि आपण घाऊक विक्रीचा १७ व किरकोळ विक्रीचा २० असे राज्याचे दोन परवाने जोडीने घेऊन ती विकतो. दुसरी वाट ऑल्टरनेटिंग प्रोप्रायटरशिपची, म्हणजे त्याच यजमानाच्या जागेत आळीपाळीने, पण स्वतः उत्पादक म्हणून काम करण्याची. तीत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, परवानाही आपल्या नावावर असतो आणि राज्याचा ०२ हा उत्पादकाचा परवानाही. मी काही काळ पहिल्या वाटेने विक्री केली आणि आता दुसरीवर आहे, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

१७/२० चे गुण खरे आहेत आणि ते आधी सांगायला हवेत. कामाला लवकर लागता येते, तळघरातील नोंदींची आणि फेडरल उत्पादन शुल्काची जबाबदारी यजमानावर राहते, आणि २० च्या परवान्यावर स्वतःच्या वाइनबरोबर इतरांच्या बाटल्याही विकता येतात. एक अट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. १७ हा घाऊक विक्रेत्याचा परवाना असल्यामुळे दुकानांना आणि रेस्टॉरंटना खरोखर माल विकत राहणे अपेक्षित असते. केवळ घरोघरी पार्सले पाठवण्यासाठी तो कागदावर ठेवून चालत नाही. ज्याची गिऱ्हाइके कॅलिफोर्नियातल्याच सान होजे ते सॅन डिएगो एवढ्याच पट्ट्यात आहेत, त्याला ही वाट बहुधा पुरेल.

माझी गिऱ्हाइके तेवढ्यात मावणारी नव्हती. आपल्या लोकांचे नातेवाईक आणि वर्गमित्र न्यू जर्सीत, डॅलसच्या आसपास, शिकागोच्या उपनगरांत विखुरलेले असतात, आणि दिवाळी जवळ आली की मागणी नेमकी तिथूनच येते. ऑर्डर आली की बाटल्यांची संख्या पाहण्याआधी राज्य पाहायचे आणि बहुतेक वेळा दिलगिरीचे पत्र लिहायचे, हा क्रम मला सर्वांत जास्त जाचला. कारण टेक्सास, इलिनॉय, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्ये घरपोच वाइन पाठवण्याचा परवाना बाहेरच्या राज्यातील वायनरीला देतात, बाहेरच्या दुकानदाराला देत नाहीत. अर्ज भरताना उत्पादक म्हणून असलेला फेडरल परवाना मागितला जातो. १७/२० वाल्याकडे घाऊक विक्रेत्याचा असतो, आणि अर्ज तिथेच अडतो. डॅलसजवळच्या एका गिऱ्हाइकाने मला सरळ विचारले की तुमच्या यजमानाची बाटली त्याच तळघरातून माझ्या दारी येते, मग तुमचीच का येत नाही. नियमाप्रमाणे याला उत्तर होते, पण पैसे देऊ पाहणाऱ्या माणसाला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

वायनरी आणि दुकानदार यांच्यातला हा भेद न्यायालये लवकरच मिटवतील अशी आशा ठेवणारे लोक मला भेटले आहेत, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. दारूबंदी उठवणाऱ्या १९३३ च्या २१ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना त्यांच्या हद्दीत येणाऱ्या मद्यावर मोठा अधिकार दिला. (आपल्याकडेही मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे नाशिकच्या वायनरीवाल्यांना प्रत्येक राज्याची अशी वेगळी वेस नवी वाटणार नाही.) २००५ मध्ये ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, राज्याला स्वतःच्या हद्दीतील वायनरींना थेट विक्रीची मुभा देऊन बाहेरच्यांना ती नाकारता येणार नाही. तिथून वायनरींसाठी दारे एकेक करून उघडत गेली. मॅसॅच्युसेट्स २०१५ मध्ये आले आणि पेनसिल्व्हेनिया २०१६ च्या कायद्याने. दुकानदारांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या टेनेसी प्रकरणातील निकालाने उमेद दिली खरी, परंतु तो निकाल दुकानाच्या परवान्यासाठीच्या रहिवासाच्या अटीबद्दल होता. त्यानंतर मिशिगन आणि मिझुरी या राज्यांनी बाहेरच्या दुकानदारांवर घातलेली बंदी अपील न्यायालयांनी २०२० आणि २०२१ मध्ये उचलून धरली. इलिनॉयने तर २००८ मध्ये, वायनरींना वाट करून देतानाच, बाहेरच्या दुकानदारांची वाट बंद केली होती. दुकानदाराला येऊ देणारी ऑरेगन, नेवाडा, व्हर्जिनिया, नेब्रास्का अशी राज्ये आहेत, पण ती यादी वायनरींच्या यादीपेक्षा पुष्कळच आखूड आहे. निकालांची वाट पाहून धंदा मांडू नये, असे मला तरी वाटते.

यजमानाने त्याच्या परवान्यावर आपली वाइन पाठवायची, अशी एक मधली तडजोडही सुचवली जाते. काहींना ती मानवतेही. मला ती रुचली नाही, कारण अशा व्यवहारात विक्रेता यजमान ठरतो, पैसे आधी त्याच्याकडे जातात, आणि गिऱ्हाईक नेमके कोणाचे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच.

०२ घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. फेडरल परवान्याला महिने लागू शकतात. कोणत्या टाक्या कोणत्या काळात आपल्या, याची नोंद काटेकोर ठेवावी लागते, उत्पादनाचा अहवाल आणि उत्पादन शुल्क आपल्याच नावाने भरावे लागते, आणि परवान्याच्या जागेवर गिऱ्हाइकांना विकलेल्या वाइनपैकी निम्मी तरी तिथे स्वतः तयार केलेली असावी लागते. तयार वाइन विकत घेऊन फक्त लेबल लावणाऱ्याचे हे काम नव्हे. त्यावर प्रत्येक राज्याचा परवाना, नूतनीकरण, कराची विवरणपत्रे आणि मर्यादा वेगळ्या: पेनसिल्व्हेनियात एका व्यक्तीला वर्षाला ३६ केस (म्हणजे १२ बाटल्यांच्या पेट्या), मॅसॅच्युसेट्समध्ये १२, टेक्सासमध्ये महिन्याला ९ गॅलन आणि वर्षाला ३६. युटात घरपोच वाइन पाठवताच येत नाही, तिथे ०२ चाही उपयोग नाही. टपाल खाते मद्य नेत नाही, म्हणून खाजगी कुरिअरशी करार करावा लागतो आणि २१ वर्षांवरील व्यक्तीची सही मिळाली नाही तर पेटी परत येते. अर्थात हा त्रास दोन्ही वाटांवर सारखाच आहे. कागदांचा ढीग १७/२० पेक्षा नक्कीच मोठा आहे. पण तो एकदा बसून उपसता येतो. मागणी असूनही नकार कळवणे मात्र दर ऑर्डरीला नव्याने करावे लागत होते.

ज्याला एकदोन हंगाम हात आजमावून पाहायचा आहे किंवा ज्याचा भर रेस्टॉरंटवर आहे, त्याने १७/२० घेतला तर मी त्याला अडवणार नाही. इतरांनी यजमानाशी करार करण्यापूर्वी संभाव्य गिऱ्हाइकांचे पत्ते राज्यवार मांडून पाहावेत, आणि तो यजमान ऑल्टरनेटिंग प्रोप्रायटर ठेवून घेतो का हे तेव्हाच विचारावे, कारण सगळे घेत नाहीत आणि हंगाम मध्यावर आला असताना तळघर बदलणे फार महाग पडते. ०२ हाती आल्यावरही सर्व राज्यांचे परवाने एकदम काढण्याची गरज नाही. मी आधी न्यू जर्सी, टेक्सास आणि इलिनॉय घेतले, आणि बाकीच्या राज्यांचे शुल्क तिथून मागणी येईपर्यंत भरले नाही.