शॉर्ट स्केल बेस बनवून घेताना ठाण्यात आमची झालेली फसवणूक, जुने पार्ट्स देणाऱ्यांनी नक्की वाचा

हे जरा लांब होणार आहे, पण ज्यांच्या घरात जुनी गिटार, बेस किंवा कुठल्याही वाद्याचे सुटे पार्ट्स पडलेत आणि ते कुणाला देऊन त्यातून नवीन वाद्य करून घ्यायचा विचार आहे त्यांनी पूर्ण वाचा. पैसे गेले ते वेगळंच, पण लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू बदलल्या गेल्या, आणि त्या माणसाचा सगळा हिशोब एकाच गोष्टीवर होता की दान आलेल्या वस्तूचं बिल कुणाकडेच नसतं.

आम्ही काहीजण मिळून नौपाड्यात रविवारी मुलामुलींना वाद्यं शिकवतो, फी घेत नाही, जे येतील त्यांना शिकवतो. त्यातली एक मुलगी अकरावीला आहे, बेस म्हणजे चार जाड तारांची खर्जातली गिटार वाजवते आणि फार मनापासून वाजवते, पण तिचे हात लहान आहेत. नेहमीच्या बेसचं स्केल ३४ इंच, म्हणजे नटपासून (डोक्याजवळची तारांची खाचपट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तार ८६४ मिलिमीटर, १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून हेच माप रूढ झालंय. त्यावर नटपासून चौथा फ्रेट, म्हणजे बोट दाबायची धातूची आडवी पट्टी, १७८ मिलिमीटरवर येतो, आणि ३० इंची शॉर्ट स्केलवर तोच १५७ वर येतो. दोन सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण ज्याला चार बोटं चार फ्रेटवर ताणून धरायची असतात त्याला विचारा. तिचं मनगट दुखायला लागलं होतं, तिच्या आईने मला फोन करून सांगितलं की ताई आता बेस बंद करावा लागेल बहुतेक. पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनरसुद्धा शॉर्ट स्केलच आहे, म्हणजे हे काही लहान मुलांचं खेळणं नाही, पूर्ण वाद्य आहे. पण इथे दुकानात शॉर्ट स्केल फारसे दिसत नाहीत आणि दिसले तर किंमत आमच्या आवाक्यातली नसते.

मग ओळखीत विचारलं आणि लोकांनी खरंच भरभरून दिलं. पूर्वी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे असे एक काका आहेत, आता बोटं आखडतात म्हणून वाजवत नाहीत, त्यांनी सत्तरच्या दशकातल्या एका जपानी बेसची ३० इंची स्केलची नेक (फ्रेट असलेला लांब दांडा) दिली, सोबत तिचे चारही ट्युनर्स (तारा पिळायच्या किल्ल्या). त्या बेसची बॉडी कधीच फुटली होती पण नेक त्यांनी कापडात गुंडाळून जपली होती. एका काकूंची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्यांनी घराच्या जुन्या चौकटीचे सागवानी तुकडे दिले, चांगले जाड, इतक्या वर्षांत सुकून एकदम खडखडीत झालेले. माझ्या पुण्याच्या मित्राने प्रिसिजनचा स्प्लिट पिकअप (तारांचा आवाज पकडणारा दोन तुकड्यांचा चुंबकी भाग) आणि दोन पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायच्या बटणांखालचे पार्ट) दिले, ब्रिज आणखी एकाने दिला. म्हणजे मजुरी सोडली तर सगळं सामान जमलं होतं.

आमच्यात एक इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचा मुलगा आहे, त्याने देण्याआधी प्रत्येक पार्टचा फोटो काढला, पिकअपला मल्टिमीटर लावून रीडिंग घेतलं, १०.८ किलोओहम, पॉटवरचे नंबर लिहून ठेवले, नेकची मापं घेतली. त्याच्या या सवयीमुळेच आज आमच्या हातात काहीतरी आहे.

कारागीर वागळे इस्टेटच्या बाजूला एका गाळ्यात काम करतो, नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बोलायला अतिशय गोड. "ताई, टेन्शनच घेऊ नका, मुलांसाठी आहे ना, मजुरी मीच कमी करतो." १८,००० ठरले, १२,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले. मी म्हटलं सामान मिळाल्याचं कागदावर लिहून द्या, तर म्हणाला अहो घरचंच काम समजतो मी, कागद कशाला. तरी मी त्याला व्हॉट्सॲपवर पार्ट्सची यादी आणि फोटो पाठवले आणि त्याने खाली अंगठा टाकला. हा अंगठा पुढे फार कामाला आला.

मग सुरू झालं आज नको उद्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, गणपतीत माणसं गावाला गेली, मग ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) जाम आहे नवीन टाकावा लागेल त्याचे वेगळे, फ्रेट झिजलेत त्याचे वेगळे, शिल्डिंगच्या तांब्याच्या पट्टीचे वेगळे, असे करत आणखी साडेसहा हजार गेले. बघायला येतो म्हटलं की पेंट ओला आहे, धूळ बसेल. इथेच पाणी मुरत होतं. लक्षात घ्या, आम्ही पेंट सांगितलाच नव्हता, सागाचे रेषे दिसावेत म्हणून फक्त तेल पाजायचं ठरलं होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, सागात नैसर्गिक तेल असतं त्यामुळे फिनिश नीट धरत नाही म्हणून सीलर मारून काळा केला. आता सागात तेल असतं हे खरंच आहे, फिनिशच्या आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं हेही खरं, आणि अशी माणसं खोटं बोलताना अर्धं खरं घालूनच बोलतात म्हणून समोरचा गप्प बसतो.

बेस हातात आला तेव्हा दिसायला झकास होता, काळा चकचकीत. मुलीने मांडीवर घेतला, डावा हात नटजवळ ठेवला आणि लगेच म्हणाली, "ताई, ही काकांची नेक नाहीये." तिने ती नेक काकांकडे हातात धरून पाहिली होती. आम्हाला आधी वाटलं पॉलिशमुळे वेगळी वाटत असेल. मग डिप्लोमावाल्याने फोटो उघडले. काकांच्या नेकवर १९ फ्रेट, हिच्यावर १८. काकांच्या नेकची नटपाशी रुंदी ३८ मिलिमीटर, हिची ४४. टेप लावून नट ते बारावा फ्रेट मोजलं. हे अंतर स्केलच्या बरोबर निम्मं असतं, म्हणजे ३० इंचीला ३८१ मिलिमीटर यायला हवं, आलं ३८५ च्या जवळ. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फ्रेटबोर्ड बघितला तर पहिल्या फ्रेटवर एक गोल डाग, दहाव्यावर दोन, तेराव्यावर एक. डॉट, म्हणजे फ्रेट ओळखायच्या गोल खुणा, काढून तिथे लाकडाचा भुसा आणि गोंद भरून वर काळं फासलं होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या कारण हे कुणालाही तपासता येतं. डॉट साधारण ३, ५, ७, ९ आणि मग १२ वर दोन, पुढे १५, १७, १९ असे असतात. ३४ इंची नेकचा नट काढून दुसऱ्या फ्रेटच्या जागी बसवला की उरलेलं स्केल ३०.३ इंच होतं, आणि सगळे डॉट दोन घरं मागे येतात, म्हणजे तिसऱ्याचा पहिल्यावर, बाराव्यावरची जोडी दहाव्यावर. वीस फ्रेटची नेक अठराची होते. नट बॉडीकडे सरकल्यामुळे तिथे नेक मुळातच जास्त रुंद असते, म्हणजे ज्या मुलीच्या लहान हातासाठी हे सगळं चाललं होतं तिलाच जाड रुंद नेक मिळाली. ही युक्ती स्वतःमध्ये वाईट नाही हो, उघडपणे सांगून लोक करतात आणि कमी खर्चात शॉर्ट स्केल मिळतो. पण इथे कुठल्यातरी स्वस्त बेसची नेक कापून, नट आणि हेडमधला भाग तासून त्यावर काळं वेनिअर चिकटवून, ती काकांची म्हणून दिली होती.

त्यात ट्यून लागेना. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) चढा यायचा, आणि सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता भाग) आणखी मागे न्यायला स्क्रूच संपत होता. आमचा अंदाज असा की ब्रिजची भोकं त्याने बरोबर ३० इंचाच्या हिशोबाने आधी पाडली आणि नेक नंतर बदलली.

मग मागचे चार स्क्रू काढून नेक सुटी केली. नेकच्या खाचेत पेंट पोचलेला नव्हता, आणि तिथे फिका थर, गडद थर, परत फिका थर असे सरळ दिसले. प्लायवूड. काकूंच्या चौकटीचा एक तुकडा त्यात नव्हता. जुना साग भोक पाडलं तरी वास सोडतो, इथे नुसता गोंदाचा वास होता. पिकअपचं कव्हर आमचंच होतं पण आतला पिकअप दुसरा, खाली चपटं सिरॅमिक मॅग्नेट चिकटवलेलं. आमच्या पिकअपमध्ये ते उभे गोल पोलच मॅग्नेट होते, अल्निकोचे. रीडिंग आलं ७ च्या खाली. पॉटचं तर विचारूच नका, आमच्या दोन्हीवर १३७ ने सुरू होणारा नंबर होता, १३७ म्हणजे सीटीएस कंपनी आणि पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा, आणि आत बसवले होते बोटाच्या पेराएवढे छोटे, बिननंबरचे.

त्याच्याकडे गेलो तर आधी हसला, मग चढ्या आवाजात बोलायला लागला. तुम्ही दिलं तेच लावलंय. पॉट खराब होते म्हणून बदलले, जुने फेकून दिले. आणि मग ते वाक्य, "ताई, हे सामान तुमचं होतं याचं बिल दाखवा ना." काका सोबत होते, ते म्हणाले अरे पन्नास वर्षांपूर्वीच्या वस्तूचं बिल कुठून आणू, तर त्याने सरळ हात वर केले. मला अजूनही सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे, काकांच्या तोंडावर त्यांचीच वस्तू नाकारली.

पुढे काय केलं ते सांगते म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तिथे तक्रार नोंदवून नंबर मिळतो. मग फोटो, रीडिंग, व्हॉट्सॲपवरची ती यादी आणि अंगठा, यूपीआयच्या पावत्या आणि काका, काकू, मित्र यांची "ही वस्तू मी या कामासाठी दिली" अशी सहीची पत्रं लावून पोस्टाने नोटीस पाठवली. पोलिसांत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटली तर ३१६. आपल्या केसमध्ये ३१६ चा उल्लेख करायला विसरू नका, कारण वस्तू तुम्ही त्याच्या ताब्यात दिलेली असते, ती त्याची कधीच झालेली नसते, मग तुम्हाला ती विकत मिळालेली असो की दान. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील लावायलाच हवा असंही नाही.

नोटीस पोचल्यावर चक्रं फिरली. त्याचा एक माणूस येऊन पिकअप आणि ट्युनर्स देऊन गेला, म्हणे गाळ्यात दुसऱ्या खोक्यात सापडले. जे फेकून दिले होते म्हणाला ते पॉटसुद्धा त्याच पिशवीत होते. साग परत आला नाही, पैसे नाहीत, आणि नेक नाही. आयोगात तक्रार दाखल केली आहे.

तुम्ही कुणाला पार्ट्स देणार असाल तर बिल नसलं तरी पुरावा तयार करता येतो. प्रत्येक वस्तू टेपशेजारी ठेवून फोटो, नेकची रुंदी, फ्रेट किती, टाचेच्या (नेकचं बॉडीत बसणारं टोक) आतली बाजू कारण तिथे शिक्के आणि खुणा असतात, पिकअपचं रीडिंग, पॉटचे नंबर, लाकडाचं वजन आणि त्याच्या टोकाचा फोटो, तिथली वर्तुळं प्रत्येक तुकड्याची वेगळी असतात. लाकडावर आतल्या बाजूला जिथे नेक बसणार तिथे सही करा आणि तिथे पेंट लावायचा नाही असं आधीच सांगून ठेवा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत हवा हे लिहून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. काम चालू असताना बघू देत नसेल तर सामान उचलून आणा. ठाण्यात, नवी मुंबईत चांगले प्रामाणिक कारागीर आहेत, नंतर आम्हाला भेटले, आणि त्यांच्यातल्या एकालाही कागदावर सही करायला अडचण वाटली नाही.

काकांच्या नेकची खूण देते. मेपलची, वर शिसवी फ्रेटबोर्ड, १९ फ्रेट, नटपाशी ३८ मिलिमीटर. टाचेवर जांभळ्या शाईचा पुसट शिक्का, चार भोकांच्या मधोमध पाचवं भोक काडी घालून बुजवलेलं, आणि सातव्या फ्रेटच्या मागे अंगठ्याला लागेल असा एक खड्डा. सुटी किंवा एखाद्या बेसवर बसवलेली, कुठेही विकायला दिसली तर विकत घेऊ नका, फोटो काढा आणि मला कळवा.