तिबेटी नक्षीची भांडी: वापरायची कुठली आणि शोकेसमध्ये ठेवायची कुठली

थंडीतल्या स्टॉलवरून नाहीतर ऑनलाइन मागवून सोलापुरात येणारी ही भांडी मुख्यतः तीन: तांब्याची नक्षीदार किटली, पिठाचा झाकणाचा डबा, आणि धातूच्या बैठकीवर बसणारा, वर टोकदार झाकण असलेला चिनी मातीचा पेला. तिबेटात भाजलेल्या सातूचं पीठ, म्हणजे त्साम्पा, आणि लोणी-मीठ घातलेला चहा हे रोजचं खाणंपिणं. त्यामुळे ही मुळात जेवणाघरातली भांडी, पूजेची नव्हेत. विकणारे मात्र सगळंच ‘पवित्र’ म्हणून खपवतात.

तिघांत पेला सरस. चहा फक्त चिनी मातीला लागतो, धातूला नाही. त्यामुळे कळकण्याची भीती नाही. झाकणाने चहा बराच वेळ गरम राहतो. खोट एकच, झाकणाच्या बोंडावरचा निळा किंवा लाल मणी. स्वस्त मालात तो रंगवलेला दगड किंवा प्लॅस्टिक असतो आणि लाखेवर नाहीतर गोंदावर बसवलेला असतो. उकळत्या पाण्यात झाकण बुडवलं की मणी हातात. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस मण्याच्या तळाला हळूच फिरवा. निळा रंग कापसाला आला तर तो खरा फिरोजा (निळा रत्नखडा) नव्हे.

नक्षी अष्टमंगलाची असते: छत्र, मत्स्ययुगुल, कलश, कमळ, शंख, अंतहीन गाठ, ध्वज आणि चक्र. खरेदी करताना आठही मोजा. जागा पुरली नाही की ध्वज नाहीतर छत्र गाळलेलं सापडतं. शंख उजव्या वळणाचा हवा. साचा उलटा पडला की तो डावा होतो, आणि असा माल सर्रास विकला जातो. चक्राला साधारणतः आठ आरे असतात. अशोकचक्राचे चोवीस आरे दिसले तर नक्षी कुठून उचलली ते ओळखा. काठावर मंत्राची पट्टी असेल तर ॐ मणि पद्मे हूँ ही तिबेटी लिपीतली सहा अक्षरं पट्टीच्या जोडापाशी पूर्ण आहेत का बघा. यंत्राने छापलेली पट्टी मापाला कापतात तेव्हा शेवटचं अक्षर अर्धंच राहतं. हाताच्या ठोक्याचं काम असेल तर दोन मासे कधीच तंतोतंत सारखे नसतात.

आता किटली. दिसायला हीच सगळ्यात देखणी, तोटी मकराच्या तोंडातून निघालेली, आणि फसवणूकही हिच्यातच. आतून कल्हई आहे का ते टॉर्च मारून बघा. नुसत्या तांब्यात मिठाचा चहा चालत नाही, आपला दुधाचा चहाही ठेवू नये. कल्हई पुढे करून घेऊ, हा विचार इथे फसतो. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे भांडं त्याहून जास्त तापवावं लागतं. नक्षी सोल्डरने चिकटवलेली असेल तर शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर त्याआधीच, 180–190 अंशांच्या आसपास, पाणी होतं. कल्हई लावताना टाकतात त्या नवसागराचा धूर निघेपर्यंत कमळ आणि मासे भट्टीत! मणी तडकतात ते वेगळंच. म्हणून रिबिटा मारलेली नक्षीच घ्या आणि तिचा तळ कधी कोरडा तापवू नका. चहा दुसरीकडे उकळून हिच्यात ओता. तोटीच्या मुळाशी हात पोचत नाही, लोणी तिथेच थिजतं. बाटलीचा बारीक ब्रश आणि गरम पाणी लगेच फिरवा. घेताना किटलीत पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेवली की तोटीचा सांधा गळतो का ते कळतं.

डबा कोरड्या जिन्नसासाठी उत्तम. सातूचं पीठ, लाह्या, खारीक, काहीही. शेंगाचटणी मात्र भरू नका. मीठ आणि तेल मिळून उघडं तांबं हिरवं करतात, आणि चटणीही वाया जाते.

‘चांदीचा’ म्हणून दाखवतात तो डबा बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. त्यात तांबं, निकेल, जस्त. चांदी नावाला नाही. लोहचुंबक लावून हा निकाल लागत नाही, कारण चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत. सराफाकडे कस लावून घ्या. ‘सात धातूंची तिबेटी वाटी’ म्हणून येते ती वाजवायची वाटी. जेवणाच्या भांड्यांत तिला धरू नका.

घासताना चिंच-मीठ सपाट भागापुरतं. नक्षीच्या खाचांत मीठ अडकलं की आठवड्यात हिरवी पुटं धरतात, आणि खाचांतला काळसरपणा काढून टाकला तर उठाव मरतो. मऊ टूथब्रश, साबणाचं पाणी, लगेच कोरडं फडकं, बस. मुलामा असेल तर राख आणि रांगोळी लांबच ठेवा.

चांदीचं अस्तर लावलेली, झाडाच्या गाठीतल्या लाकडाची वाटी कुणी दाखवली तर सोलापूरचा उन्हाळा आठवा. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत लाकूड आक्रसतं, कड तडकते आणि अस्तर सुटून खुळखुळतं. तिला तूप किंवा अक्रोडाचं तेल चोळून बंद कपाटात ठेवावं लागतं, पाण्यात भिजत तर मुळीच टाकायची नाही.

भाव नगावर सांगतात. वजन करायला लावा, त्या दिवसाच्या तांब्या-पितळेच्या दराशी ताडा, उरलेली रक्कम मजुरीची. ठोक्याच्या कामाला ती जास्त असणारच. छापील पट्टीला तेवढीच मागत असतील तर घासाघीस करा.