कामाटीबाग, पोलो ग्राउंड की साबरमतीचा काठ?

येत्या हिवाळ्यात पहिली अर्धमॅरेथॉन, म्हणजे जवळजवळ २१.१ किलोमीटर, धावायची असं आमच्या दांडिया बाजारातल्या भाचीने ठरवलंय. परवा म्हणाली, "मामा, कामाटीबागेत किती गर्दी असते! दर रविवारी अहमदाबादला रिव्हरफ्रंटवर जाऊ का?" बडोद्यात नव्याने धावू लागलेल्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

रिव्हरफ्रंट म्हणजे साबरमतीचा बांधलेला काठ. तो धावायला देखणा आहे, यात शंकाच नाही. खालचा फरसबंद पदपथ रस्त्याच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे, त्यामुळे सिग्नल नाही, रिक्षा नाही, मध्येच आडवी येणारी दुचाकी नाही. दोन्ही तीरांवर किलोमीटरच्या किलोमीटर सपाट वाट, डोक्यावरून एकामागून एक जाणारे पूल. एकच गती धरून तासभर पळायचं असेल तर अशी जागा बडोद्यात नाही, हे बडोदेकर असूनही मान्य करतो. शिवाय डोक्यावर मोकळं आकाश असल्याने हातातलं जीपीएस घड्याळ अंतर नीट मोजतं. आपल्या कामाटीबागेत दाट झाडांखाली तेच घड्याळ कुठल्या कुठे भरकटतं.

पण तो पदपथ काँक्रीटचा आहे आणि खालच्या बाजूला सावली फारशी नाही. चैत्र सुरू झाला की सकाळी आठलाच बाजूची भिंत तापायला लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सपाट, कडक जमिनीवर प्रत्येक पाऊल अगदी आधीसारखंच पडतं आणि सगळा ताण पायाच्या त्याच त्याच जागी येत राहतो. मागच्या वर्षी मी उत्साहाच्या भरात आठवड्याचे पाचही दिवस पक्क्या रस्त्यावर धावलो. नडगी अशी धरली की तीन आठवडे जिना उतरताना कठडा सोडवेना. तेव्हापासून मी जागा निवडताना आधी पायाखाली काय आहे ते बघतो, देखावा नंतर.

पायाखालचा विचार केला तर आपल्या बडोद्याचं पोलो ग्राउंड सगळ्यांत उजवं. कीर्तिस्तंभाजवळची ती माती नवख्यांच्या गुडघ्यांना सांभाळून घेते. पावसाळ्यात मात्र चिखल होतो, आणि खड्ड्यात पाऊल मुरगळण्याची भीती आहेच, म्हणून पुरता उजेड पडल्याशिवाय तिथे धावू नका.

कामाटीबाग या दोन्हींच्या मधली. १८७९ सालची, सयाजीराव महाराजांच्या काळातली बाग. काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूने आत शिरलं की जुन्या झाडांखाली गारवा लागतो तो थेट बाहेर पडेपर्यंत. वाटा पक्क्या आहेत, पण वळणावळणाच्या, त्यामुळे पाऊल आपोआप बदलत राहतं. प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने पहाटे वाघाची डरकाळी ऐकू आली की झोप पुरती उडते! साडेसहानंतर मात्र चालणारी मंडळी चौघाचौघांच्या रांगेत गप्पा मारत असतात आणि वेगाचा सराव तिथे होत नाही. सहाच्या आत पोहोचणाऱ्यालाच बाग मोकळी मिळते.

नदीकाठी धावण्याची हौस असेल तर एक सांगून ठेवतो. विश्वामित्री बागेतून वाहते, पण तिच्या काठाला लागून धावता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तिथे मगरी राहतात. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात, पुलावरून खुशाल बघा. साबरमतीत तुम्ही पाण्याच्या अगदी कडेने पळता, कारण ते पाणी वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आणि नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलेलं आहे. आपली नदी मात्र अजून स्वतःच्या मर्जीने वाहते. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही तिची धोक्याची पातळी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती तिने केव्हाच ओलांडली आणि शहरात कुठे कुठे पाणी शिरलं ते आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात आजवा सरोवराचं पाणी किती चढलंय हे बघूनच बागेत जायचं ठरवा. तिकडे धरोई धरणातून पाणी सोडलं की साबरमतीचा खालचा पदपथही बंद करतात, तेव्हा पावसाळ्यात रिव्हरफ्रंटच्या भरवशावर राहू नका.

आणि अंतर? बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेस वेच ९३ किलोमीटरचा आहे. सहाला धावायला सुरुवात करायची तर पहाटे चारला घर सोडायचं, म्हणजे आदल्या रात्रीची झोप गेली. लांब धाव मारायच्या आधी झोप मोडणं मला पटत नाही.

म्हणून भाचीला असं सांगितलं: आठवड्याचे दोन दिवस पोलो ग्राउंडची माती, दोन दिवस पहाटेची कामाटीबाग. लांबची रविवारची धावसुद्धा बागेतच, फेऱ्या मोजत. पंधरा किलोमीटर न थांबता जमू लागले की डिसेंबरात एकदा अहमदाबादला मामाआजोबांकडे मुक्कामाला जायचं आणि सकाळी रिव्हरफ्रंटवर स्पर्धेच्या गतीने धावून बघायचं. जानेवारीत उत्तरायणाच्या आठ-दहा दिवसांत मात्र उघड्यावर गळ्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय धावायचं नाही, पतंगाचा मांजा दिसत नाही.

गुडघे आधीच कुरकुरत असतील किंवा वजन जास्त असेल, तर पहिले दोन महिने पोलो ग्राउंड सोडूच नका.