लॅक्टेशन कन्सल्टंटला घरी बोलावलं, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

बाळ पाच दिवसांचं असताना आम्ही लॅक्टेशन कन्सल्टंटची, म्हणजे स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञ ताईंची, होम व्हिजिट घेतली. मी बाळाचा बाबा, पण पूर्ण दोन तास शेजारीच बसलो होतो म्हणून मीच लिहितोय.

जन्मताना वजन ३ किलो १००, चौथ्या दिवशी २ किलो ८५०. डॉक्टर म्हणाले सुरुवातीला ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं पण आता वाढायला पाहिजे, लक्ष ठेवा. इकडे बाळ तासन्‌तास अंगावर, बाजूला केलं की रडणार, बायकोच्या निपलला चिरा पडलेल्या, पाजायला घेताना दात आवळून बसायची बिचारी, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगणार दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. तिसऱ्या रात्री पावडरचं दूध दिलं आम्ही, आणि नंतर ती कितीतरी वेळ रडत होती.

ताईंनी आल्याआल्या आधी शी-शूचं विचारलं. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ डायपर ओले व्हायला हवेत आणि शी पिवळी व्हायला हवी, आमच्याकडे ३ ओले आणि शी अजून काळपट हिरवी. मग त्यांनी स्वतःच्या काट्यावर बाळाचं कपड्यांसकट वजन केलं, म्हणाल्या नेहमी पाजता तसंच पाजा, मध्ये काही बोलल्या नाहीत, आणि २० मिनिटांनी डायपर न बदलता परत वजन केलं. १४ ग्रॅम. म्हणजे साधारण १४ मिली दूध पोटात गेलं, एवढ्या मेहनतीनंतर. बायकोचा चेहरा पडला पण ताई म्हणाल्या आता दुसरी बाजू माझ्या पद्धतीने करू.

खरी सर्व्हिस ही. बाळाला पूर्ण कुशीवर वळवलं, पोटाला पोट, कान-खांदा-कंबर एका रेषेत (आमचं बाळ मान वळवून प्यायचं, मोठ्या माणसालाही तसं गिळता येणार नाही). नाक निपलसमोर ठेवायचं आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबायचं, मग स्तन बाळाकडे न नेता बाळाला स्तनाकडे ओढायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. आमचं बाळ नुसतं टोक धरून चोखत होतं, चिरा त्यानेच पडल्या होत्या. तिसऱ्या प्रयत्नात नीट लॅच झालं (म्हणजे बाळाने स्तन तोंडात नीट धरला), मिनिटभरात पान्हा फुटला आणि गिळल्याचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू आला!! वजन केलं तर ३६ ग्रॅम. दूध होतं हो, बाळापर्यंत पोचत नव्हतं.

पावडरच्या दुधावरून त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. उलट म्हणाल्या वजन सावरेपर्यंत थोडं टॉप-अप (अंगावर पाजल्यावर वरून थोडं दूध) लागेल, पण शक्यतो पंप केलेलं आपलंच दूध द्या, कारण जितकं दूध बाहेर निघेल तितकं नवीन तयार होतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, सध्या तीन तास झाले की झोपलेल्यालाही उठवायचं, रडायची वाट बघायची नाही, तोंड इकडेतिकडे फिरवायला लागलं, हात चोखायला लागलं की घ्यायचं. कपडे काढून छातीशी धरायचं काम माझ्याकडे, ढेकर आणि डायपरच्या नोंदीसुद्धा.

एक स्टार कापला कारण अपॉइंटमेंट दोन दिवसांनी मिळाली, आणि त्या दोन दिवसांतच सगळं बिघडलं. लिहून देऊ म्हणालेला प्लॅन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, दोन तासांत सांगितलेलं अर्धं आम्ही झोपेअभावी विसरलो होतो. म्हणून तुम्ही बुक करताना फॉलो-अप किती दिवस मिळणार ते आधी विचारून घ्या, आणि आयबीसीएलसी (लॅक्टेशन कन्सल्टंटचं आंतरराष्ट्रीय) सर्टिफिकेट आहे का तेही, ती परीक्षा १९८५ पासून आहे आणि दर ५ वर्षांनी सर्टिफिकेट रिन्यू करावं लागतं. आणि शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बोलवा, चिरा पडेपर्यंत थांबू नका.

बाराव्या दिवशी वजन ३ किलो १२० भरलं. बायकोने तो आकडा मला दोनदा वाचायला लावला.