जेपिया २ काही महिने वापरल्यावर: मोठ्या आतड्याच्या गाठींतले केमोकाइन बघायला कितपत चालतं?

म्हापशाकडच्या कॉलेजात बायोटेक शिकवताना विद्यार्थ्यांकडून कॅन्सरवर प्रबंध करून घ्यायचा म्हटला, की पहिली अडचण नमुन्यांची. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) तासाभराच्या आत आहे. पण कुठल्याही रुग्णालयातून गाठीचा तुकडा आणायचा तर नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती, उणे ८० अंशांचा फ्रीझर, शिवाय आरएनए (जनुक किती चालू आहे हे ज्यावरून मोजतात तो रेणू) मोडायच्या आत तो बाहेर काढायची धावपळ. एमएस्सीच्या मुदतीत हे बसत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी विद्यार्थ्यांना जेपिया २ वर बसवते आहे, म्हणजे एखादं जनुक कर्करोगाच्या गाठीत आणि निरोगी ऊतीत किती चालू आहे हे जमवलेल्या डेटावरून ताडून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर. पेकिंग विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये जेपिया काढलं आणि २०१९ मध्ये ही सुधारलेली आवृत्ती आणली. पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही, कोडिंग यायची गरज नाही. जनुकाचं नाव टाका, कर्करोग निवडा, बॉक्सप्लॉट (प्रत्येक गटाचे आकडे एकेका डब्यात दाखवणारा आलेख) समोर.

आमचा विषय केमोकाइन. पेशींना ‘इकडे या’ म्हणून बोलावणारी ही छोटी प्रथिनं. माणसात त्यांची पन्नासच्या आसपास जनुकं आहेत. आतड्याच्या गाठीत कुणाला बोलावणं जातंय, न्यूट्रोफिलना की टी-पेशींना (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी), यावर पुढचं बरंच काही ठरतं. सीएक्ससीएल१, २, ३, ५ आणि ८ ही सीएक्ससीआर२ या रिसेप्टरमार्फत (पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन) न्यूट्रोफिल ओढणारी केमोकाइन मंडळी चौथ्या गुणसूत्रावर जवळजवळ नांदतात. ती एकेक करून टाकली की गाठीचा डबा वर आणि निरोगी ऊतीचा खाली, असं चित्र लगेच येतं. सीएक्ससीएल१२ चं उलट, ते गाठीत घटलेलं. पहिल्याच दिवशी प्रकाशित निबंधांशी जुळणारं काहीतरी हाती लागल्यावर विद्यार्थ्यांचा हुरूप वाढतो, आणि मला वाटतं या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच.

आता कुरकुर. चित्राखाली बारीक अक्षरांत नमुन्यांचे आकडे असतात, ते कुणीच वाचत नाही. कोलनच्या (मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग) चित्राखाली गाठी २७५ आणि निरोगी ३४९. हे ३४९ आले कुठून? कर्करोगाच्या गाठींचा जनुकीय डेटा जमवणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पात कोलन कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठीशेजारून घेतलेले निरोगी नमुने फक्त ४१ आहेत. उरलेले ३०८ जीटेक्स या दुसऱ्या प्रकल्पातले, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेल्या ऊतींचे. गुदाशयासाठी तर टीसीजीएचे निरोगी नमुने १०, आणि त्यांच्या जोडीला पुन्हा तेच कोलनचे ३०८. एकूण ३१८. म्हणजे गुदाशयाच्या ९२ गाठी बहुतांशी दुसऱ्या माणसांच्या कोलनशी ताडून बघितल्या जातात.

बरं, हे कोलन तरी कसलं? जीटेक्समधले सिग्मॉइड कोलनचे (कोलनचा गुदाशयाला लागून असलेला भाग) नमुने मुख्यतः स्नायूच्या थराचे आहेत. कर्करोग उगवतो आतल्या अस्तरात. स्नायू आणि अस्तर यांची तुलना केली तर फरक दिसणारच, त्यातला कर्करोगामुळे किती आणि ऊतच वेगळी असल्यामुळे किती, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. सीएक्ससीएल१२ हे आधारऊतीत (अस्तराखालच्या, आधार देणाऱ्या पेशींत) भरपूर असणारं केमोकाइन, त्यामुळे त्याच्याबाबतीत ही शंका सर्वांत जास्त. गाठीत ते घटतं हे शेजारच्या ऊतीशी ताडूनही इतरांनी दाखवलेलं आहे, दिशा खोटी नाही. पण घट ‘किती पट’ हा आकडा जेपियावरून प्रबंधात उतरवायला मी मनाई केली आहे.

उपाय तिथेच आहे. बॉक्सप्लॉटच्या पानावर निरोगी नमुने कुठले घ्यायचे याचा पर्याय असतो: टीसीजीए आणि जीटेक्स दोन्ही, किंवा फक्त टीसीजीए. आम्ही आता दोन्ही काढतो आणि शेजारी शेजारी छापतो. दोन्हीकडे टिकलं तेवढंच निष्कर्षात. गुदाशयाचे मात्र १० नमुने, त्यावर काय बोलणार? भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गुदाशयाचा वाटा बराच असतो, त्यामुळे आपल्याला हवा तोच भाग नेमका कच्चा. टीसीजीएत आशियाई म्हणून नोंदलेले रुग्णही फारच थोडे. इथल्या माणसांबद्दल त्यातून काही सिद्ध होतं असं लिहू नका, एवढंच मी सांगते.

चित्रावरच्या लाल ताऱ्याबद्दल. तो दोन अटी जुळल्या तरच येतो: पी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ पेक्षा कमी आणि फरक निदान दुप्पट. दीडपट आणि अगदी पक्का फरक असला तरी तारा नाही. ‘टीचर, तारा नाही म्हणजे फरक नाही ना?’ हा प्रश्न दर बॅचला येतो. दुसरी गोची उभ्या अक्षाची. तो लॉग २ मध्ये असतो, म्हणून ४ वरून ६ वर गेलेली रेघ दीडपट नव्हे, साधारण चौपट वाढ सांगते.

जगण्याच्या आलेखांवर माझा राग आहे. जनुक जास्त चालू असलेले आणि कमी चालू असलेले रुग्ण किती काळ जगले, हे ते दाखवतात. उच्च आणि निम्न गट कुठे तोडायचे ती मर्यादा तुम्हाला सरकवता येते. मध्यकावर काही दिसलं नाही की चतुर्थकावर, तिथेही नाही तर मनाला येईल तिथे. पी ०.०५ खाली येईपर्यंत सरकवत बसलं तर काही ना काही मिळतंच. मर्यादा आधी वहीत लिहा, मग बटण दाबा, असा आमच्याकडे नियम आहे. त्यात पुन्हा रोगाचा टप्पा आणि वय त्या रेघांत धरलेलं नसतं.

आणि मूळ मर्यादा, जी या साधनाची नाही तर सगळ्या पेशींमधून एकत्र काढलेल्या कुठल्याही आरएनएची. टीसीजीएने नमुना घेताना गाठीच्या पेशींचं प्रमाण निदान ६० टक्के असावं अशी अट ठेवली होती, सुरुवातीला तर ८०. तरी उरलेल्यात मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी), फायब्रोब्लास्ट (आधारऊतीच्या पेशी), टी-पेशी सगळं आहे. खतखतं (आपली बऱ्याच भाज्यांची मिसळ) मिक्सरमधून काढल्यावर त्यात सुरण किती आणि शेवग्याची शेंग किती हे चवीवरून ओळखावं, तसं हे. सीएक्ससीएल८ कर्कपेशींनी बनवलं की आत शिरलेल्या मॅक्रोफेजनी, याचं उत्तर इथे नाही. त्यासाठी एकेका पेशीचा डेटा बघावा लागतो.

सीएक्ससीएल९, १० आणि ११ साठी तर मी जेपिया सोडूनच दिलं. ही तिघं इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारपेशींच्या संदेशामुळे चालू होतात आणि टी-पेशींना बोलावतात. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के गाठींत डीएनए दुरुस्तीची एक यंत्रणा बिघडलेली असते, त्यांना एमएसआय म्हणतात. उत्परिवर्तनं खूप, म्हणून प्रतिकारपेशींचं लक्षही जास्त, आणि या तिघांची पातळी तिथे चढलेली. २०२० मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाला पहिला उपचार म्हणून मान्यता मिळाली ती याच गटासाठी, पसरलेल्या रोगात. सगळ्या गाठी एकाच डब्यात कोंबल्या की हा गट बाकीच्यांत विरून जातो. सीबायोपोर्टल या कर्करोगाच्या डेटाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर प्लॉट्सच्या पानात एका अक्षावर जनुक आणि दुसऱ्यावर एमएसआयचा स्कोअर लावता येतो, अर्ध्या तासात शिकता येतं. प्रत्येक नमुन्याचा आकडा हवा असेल तर यूसीएससी झेना हे संकेतस्थळ. गंमत म्हणजे जेपियाचा डेटाही झेनाच्याच एकसारख्या प्रक्रियेतून आलेला आहे.

घ्यावं का? फुकट आहे, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही. पहिल्या आठवड्यात कुठल्या केमोकाइनकडे बघायचं हे ठरवायला याहून सोपं मला काही माहीत नाही, आणि पीडीएफमध्ये उतरणारी चित्रं छपाईला स्वच्छ येतात. पावसात वीज गेली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं, मोठी फाइल उतरवावी लागत नाही. पण संपूर्ण प्रबंध यावरच उभा करू नका. माझी या वर्षीची एक विद्यार्थिनी सीसीएल२० हे आणखी एक केमोकाइन घेऊन बसली आहे. कोलनसाठी तिने जेपियावर सुरुवात केली, आणि गुदाशयाच्या त्या १० नमुन्यांचे आकडे झेनावरून उतरवून ती आता एकेक ठिपका मांडते आहे.