मातीचा थर्मामीटर, मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून: थंड देशात शेती करणार असाल तर घ्याच

परदेशात जाऊन शेती करायचा विचार असेल तर बॅगेत आधी हा टाका, बाकीचं नंतर. आम्ही मूळचे वसईचे, आता कॅनडात ओंटारिओमधे भाजीपाला करतो. तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतच असतो त्यामुळे मृगाची वाट बघणं वगैरे काही नाही, सगळं ठरतं ते माती किती तापली यावर, आणि आपल्याकडे माती एवढी गार पडतच नाही म्हणून हे कोणी शिकवलेलंच नसतं. मे लागला, छान ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण वर हवा 20 डिग्री असली तरी खाली माती 10-11 वरच असते आणि त्यात भेंडीचं बी उगवायच्या आधी सडतं. वाटाणा 5 डिग्रीलाही येतो. टोमॅटोची रोपं 15 च्या वर गेल्यावर, भेंडी 20 च्या आसपास.

वस्तू साधी, स्टीलचा दांडा, वर गोल डायल, सेल लागत नाही. लॅबचं सामान मिळतं त्या लायनीतलं दुकान. काकांनी शेजारच्या रसवाल्याकडून बर्फ मागवला, ग्लासात पाणी घालून दांडा बुडवला, काटा 1 च्या पुढे थांबला तर डायलमागचा नट पान्याने जरासा फिरवून बरोबर 0 वर आणला आणि म्हणाले, ताई, दरवर्षी पेरणीआधी हे घरी करायचं. गिऱ्हाईकाला इतकं समजावणारी माणसं मला फार आवडतात.

सकाळी 8-9 ला, चार बोटं खोल, ओळीने चार-पाच दिवस बघा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. ओली चिकण माती तापायला खूप वेळ घेते, काळं प्लास्टिक अंथरलं की लवकर तापते, दोन्हीकडे खुपसून बघा म्हणजे कळेल.

तक्रार एकच, काचेत आतून वाफ धरते मग आकडे दिसत नाहीत. सील बघून घ्या.

कांद्याचं मात्र यावर कळणार नाही. आपल्या जाती लहान दिवसाच्या, म्हणजे उजेडाचे तास कमी असले तरी गड्डा धरणाऱ्या, तिकडे जूनमधे दिवस 15 तासांचा, रोप कोवळं असतानाच गड्डा धरतं आणि लिंबाएवढा राहतो, म्हणून तिकडचंच बी घ्या. इथून कुठलंही बी नेलं तर उतरल्यावर डिक्लेअर करा.

दुकान रविवारी बंद, मरीन लाइन्सवरून चालत जाता येतं.